बाबांचे पटावरचे घड्याळ : जुना क्रोनोग्राफ कपाटात ठेवावा की मनगटावर वागवावा?

धागाकर्ता : काळी कसदार (आर्वी तालुका, जि. वर्धा)

आमच्या गावच्या शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, वेळ घेण्याचे काम बरीच वर्षे माझ्या बाबांकडे होते. जोडी सुटण्याच्या आधी ते मनगटावरचा क्रोनोग्राफ, म्हणजे बटण दाबून वेळ मोजता येणारे घड्याळ, काढून तळहातात धरत, अंगठा वरच्या बटणावर ठेवत आणि पलीकडच्या टोकाच्या झेंडीवर नजर लावून बसत. झेंडी खाली आली की पहिले बटण, छकड्याचे चाक चुन्याच्या रेषेवर आले की दुसरे. मग ते डोळ्यांजवळ घड्याळ नेऊन आकडा वाचत आणि तो वहीत लिहूनच पंचांना सांगत. आधी सांगून मग लिहिले, असे त्यांनी कधी केले नाही.

हे घड्याळ त्यांनी हिंगणघाटच्या एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यातून निवृत्त होऊन परगावी निघालेल्या गृहस्थांकडून, त्या हंगामातल्या कापसाच्या पहिल्या चुकाऱ्यातून घेतले होते. आईला ते पटले नव्हते. डायलवर कोणत्याही नामांकित कंपनीचे नाव नाही, फक्त ‘क्रोनोग्राफ स्विस’ एवढेच फ्रेंच अक्षरांत आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात स्वित्झर्लंडमध्ये अशा नावाने अनेक लहान कारखान्यांनी घड्याळे जुळवून विकली. आतले यंत्र लँडेरॉन ४८ आहे. हे यंत्र १९३७ पासून पुढे सुमारे तीन दशके लाखोंच्या संख्येने तयार झाले. त्याची एक खूण अशी की वरचे बटण फक्त चालू करते, तर थांबवणे आणि शून्यावर आणणे ही दोन्ही कामे खालचे बटण करते. पुष्कळ क्रोनोग्राफांत वरचेच बटण चालू आणि बंद अशी दोन्ही कामे करते, त्यामुळे दुसऱ्या कोणी बाबांचे घड्याळ हाती घेतले की तो हमखास गोंधळत असे.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो या घड्याळाचा मोठा मधला काटा. हे यंत्र तासाला १८,००० ठोके देते, म्हणजे सेकंदाला पाच. त्यामुळे काटा सेकंदाच्या पाचव्या भागावरच थांबू शकतो, अधेमधे नाही. डायलच्या कडेला त्यासाठीच प्रत्येक सेकंदाचे पाच बारीक भाग पाडलेले आहेत. बाबांच्या वहीत वेळा ‘६ व ४/५’, ‘७ व १/५’ अशा लिहिलेल्या आहेत, त्या याच कारणाने. आजच्या विजेच्या यंत्राच्या पडद्यावर एक जोडी ६.८५ आणि दुसरी ६.९२ अशी दिसली तर बाबांच्या घड्याळावर त्या दोन्ही जोड्या एकाच खुणेवर, ६ व ४/५ वर थांबल्या असत्या. अशा वेळी त्या काळी दोन्ही जोड्या पुन्हा पळवत. आमच्याकडच्या कितीतरी निकालांमागे या काट्याची मर्यादा उभी होती आणि ती मर्यादा सर्वांना ठाऊक होती, मान्यही होती.

७ मे २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पट थांबले. त्या बंदीच्या वर्षांतच बाबा गेले. १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने महाराष्ट्रातल्या शर्यतींना परवानगी दिली तेव्हा घड्याळ कोठीतल्या पत्र्याच्या डब्यात होते आणि चावी दिली तरी चार-पाच मिनिटांत थांबत होते. मी ते एका मोठ्या शहरातल्या दुकानात स्वच्छ करायला दिले आणि दुसरे काहीही करू नका असे स्पष्ट सांगितले. परत आले तेव्हा यंत्र चालत होते, पण मधला काटा बदललेला होता. टोकाला लाल असलेला मूळ काटा काढून कसलातरी चकचकीत, आखूड काटा बसवला होता. तो कडेच्या बारीक खुणांपर्यंत पोहोचतच नाही आणि शून्यावर आणला तर बाराच्या किंचित पुढे थांबतो. मूळ काटा मागितला, तेव्हा तो वाकला होता म्हणून टाकून दिला असे सांगण्यात आले. ज्या काट्याने बाबांनी शेकडो जोड्यांच्या वेळा वाचल्या तो असा गेला, याचे दुःख मला अजून होते.

मला हे घड्याळ रोज वापरायचे आहे. घरातले आणि मित्र म्हणतात की जपून ठेव, पुन्हा मिळणार नाही. आपणांपैकी ज्यांनी अशी घड्याळे आपल्याकडच्या उन्हात, धुळीत आणि शेतीच्या कामात प्रत्यक्ष वागवली आहेत, त्यांचा अनुभव मला हवा आहे. आणि लँडेरॉनचा मूळ काटा कुठे मिळू शकेल हे कोणास ठाऊक असल्यास अवश्य सांगावे.

वैनगंगेकाठी (भंडारा)

आपले लेखन वाचून मन भरून आले, तरीही मी आपल्या घरच्यांच्या बाजूचा आहे. माझ्या मोठ्या काकांचे असेच एक दोन बटणांचे घड्याळ मी धानाच्या बांधीत रोवणीच्या दिवसांत हातावर ठेवले आणि एका पावसाळ्यात त्याचा नाश केला. या जुन्या क्रोनोग्राफांच्या बटणांच्या दांड्या सरळ केसमध्ये, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या कवचात, शिरतात आणि पुष्कळांमध्ये त्या ठिकाणी ओल अडवणारे रबर नसते, असले तरी ते केव्हाच कडक होऊन तडकलेले असते. साध्या घड्याळाला ओल आत शिरण्याची वाट चावीपाशी असते, क्रोनोग्राफला आणखी दोन असतात. काचेच्या आत वाफ धरलेली दिसली तेव्हा मला वाटले की उन्हात ठेवले की सुकेल. वाफ उडाली, पण बारीक पोलादी स्प्रिंगांवर गंज धरून गेली.

दुसरे कारण घामाचे. आपले घड्याळ पितळेवर क्रोमचा मुलामा दिलेले असण्याची दाट शक्यता आहे, कारण त्या काळच्या कमी किमतीच्या क्रोनोग्राफांत मागचे झाकण पोलादाचे आणि बाकीची केस मुलाम्याची असे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो तेव्हा मनगटावरचा घाम हा मुलामा खातो. तो पट्टा अडकवायच्या कानांपाशी आधी सुटतो, मग पितळ हिरवे पडते. मुलामा पुन्हा देता येतो, पण त्यासाठी केस घासावी लागते आणि घासली की तिच्या मूळच्या धारा जातात. माझे मत असे की दिवाळीपासून होळीपर्यंत वापरावे आणि उरलेले महिने जपून ठेवावे.

गोठा आणि नाडी (दारव्हा, जि. यवतमाळ)

मी पशुवैद्यक आहे आणि गेली सोळा वर्षे एक जुना स्विस क्रोनोग्राफ रोज वापरते आहे. तो माझ्या सासऱ्यांचा, तेही याच व्यवसायात होते. त्याच्या डायलवर नाडी मोजण्याची पट्टी आहे. तिच्यावर फ्रेंचमध्ये ‘३० ठोक्यांसाठी आखलेली’ अशा अर्थाचा मजकूर आहे. जनावराच्या शेपटीच्या खालच्या बाजूला बोटे ठेवून नाडी सापडली की बटण दाबायचे, ३० ठोके मोजायचे आणि थांबवायचे. काटा ज्या आकड्यावर उभा राहील तो मिनिटाचा नाडीदर. ३० ठोके २४ सेकंदांत झाले तर काटा ७५ वर असतो. गुणाकार नाही, भागाकार नाही, आणि डोळे मोजत असताना घड्याळाकडे नसून जनावराकडे असतात, हे मला फार महत्त्वाचे वाटते. मोठ्या जनावराची नाडी साधारण ६० ते ८० च्या घरात असते. बैल उन्हातून चालत आणला असेल तर आधी सावलीत उभा करावा आणि मगच मोजावे.

लहान मिनिटकाट्याचा उपयोगही मला होतो. डाव्या कुशीत मूठ ठेवून पोटाची हालचाल मोजताना एक मिनिट अपुरे पडते, कारण निरोगी जनावरात ती मिनिटाला एक-दोनदाच जाणवते. मी तीन मिनिटे मोजते. गोठ्यात दहा माणसे बोलत असताना तीन मिनिटे झाली की नाहीत हे मनात धरणे अवघड असते.

आता वापराबद्दल लिहिते. वैनगंगेकाठी यांनी ओलीबद्दल सांगितलेले मी शब्दशः मान्य करते. पावसात घड्याळ माझ्या पिशवीत, झाकणाच्या डबीत असते आणि हात धुवायचे काम असेल तर ते आधी निघते. कापडी पट्टा घड्याळाच्या पाठीखालून जाणारा असेल तर घाम केसला थेट लागत नाही. चामड्याचा पट्टा आपल्याकडे उन्हाळ्यात दोन महिन्यांत कुजतो. संध्याकाळी मऊ सुती कापडाने पाठ आणि कानांच्या आतील बाजू पुसायची, एवढे माझ्या सासऱ्यांनी शिकवले आणि त्या घड्याळाची केस आजही चांगली आहे.

मात्र ठेवून दिलेले घड्याळ सुरक्षित असते हा समज मला चुकीचा वाटतो. आपल्या बाबांचे घड्याळ डब्यातच होते आणि डब्यातच ते बंद पडले. जुन्या काळचे तेल वापरले तरी घट्ट होते आणि न वापरले तरी होते. कोठीतल्या उन्हाळ्यात तर ते आणखी लवकर होत असावे असा माझा अंदाज आहे. फरक एवढाच की हातावर असलेले घड्याळ मागे पडू लागले तर आपल्याला कळते.

मूर्तिजापूर जंक्शन

मी रेल्वेतून निवृत्त झालो आहे. धागाकर्त्यांना एक विचारायचे आहे. डायलच्या मध्यभागी गोगलगायीच्या शंखासारखी आत वळत जाणारी आकड्यांची रेघ आहे काय? तशी असेल तर ती वेग मोजण्याची पट्टी आहे आणि आपल्या भागात तिचा मोठा उपयोग आहे.

सामान्यतः वेगाची पट्टी डायलच्या कडेला एकच फेरा असते. एक किलोमीटरला लागलेल्या सेकंदांनी ३,६०० ला भागले की ताशी वेग मिळतो, पट्टीवर तो भागाकार आधीच करून ठेवलेला असतो. ४५ सेकंद लागले तर ८०. परंतु एका मिनिटात एक किलोमीटर न कापणाऱ्या वाहनाला, म्हणजे ताशी ६० पेक्षा कमी वेगाला, ही पट्टी निरुपयोगी ठरते. शंखाकृती पट्टीत तीन फेरे असतात. दुसऱ्या फेऱ्यात ६० ते ३० आणि तिसऱ्यात ३० ते २० पर्यंतचा वेग वाचता येतो. काटा कितव्या फेऱ्यात आहे ते लहान मिनिटकाटा सांगतो.

आमची शकुंतला रेल्वेगाडी अशाच वेगाची होती. मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटर, अरुंद मार्ग, आणि १९९४ पर्यंत वाफेचे इंजिन. आमच्यासोबत एक गार्ड होते. त्यांच्या हातावर असे शंखाच्या पट्टीचे घड्याळ होते. गाडी चढावर लागली की ते किलोमीटरच्या दोन दगडांमधला वेळ घेत. अडीच मिनिटे लागली की काटा २४ वर थांबे आणि ते शांतपणे डायरीत नोंद करत. शर्यतीच्या मोटारींसाठी ही घड्याळे असतात असे आजकाल सर्वत्र लिहिलेले आढळते. त्या घड्याळाने आयुष्यभर २० ते ३० च्या मधला वेग मोजला आणि ते काम त्याने उत्तम केले.

काळी कसदार

सर्वांचे मनापासून आभार. जंक्शन काका, होय, मध्यभागी तशीच लाल शंखाकृती रेघ आहे. ती शोभेची असावी असे मी आजवर समजत होतो. बाबा पुलगाव-आर्वी गाडीत खिडकीपाशी बसून घड्याळाशी काहीतरी करत असल्याचे मला लहानपणचे आठवते, त्याचा उलगडा आज झाला.

कडेला निळ्या रंगात आणखी एक पट्टी आहे. ती अंतराची असल्याचे बाबांनी मला शिकवले होते आणि मी तिचा उपयोग करतो. वीज चमकली की वरचे बटण, गडगडाट ऐकू आला की खालचे. प्रकाश तत्काळ पोहोचतो, आवाजाला मात्र एका किलोमीटरला सुमारे तीन सेकंद लागतात. तेव्हा काटा जिथे थांबेल तो आकडा म्हणजे वीज किती किलोमीटरवर पडली ते. ही पट्टी मूळ तोफखान्याच्या कामाची, तोफेचा जाळ आणि तिचा आवाज यांतला वेळ मोजण्यासाठी आखलेली. आपल्याकडच्या उन्हाळ्याच्या अखेरच्या गरम हवेत आवाज थंड हवेपेक्षा किंचित वेगाने जातो, त्यामुळे खरे अंतर पट्टीपेक्षा थोडे जास्त असते. पण या कामात तेवढ्या फरकाने बिघडत नाही.

मृगाच्या दिवसांत पेरणीला शेतात बाया-माणसे असतात आणि दरवर्षी आपल्या जिल्ह्यांत वीज पडून माणसे व गुरे दगावल्याच्या बातम्या येतात. बाबांचा नियम असा होता की काटा १० च्या आत थांबला की तिफण जागेवर सोडायची, बैल सोडायचे आणि सर्वांनी घर गाठायचे, झाडाखाली कोणी थांबायचे नाही. वीज ढगापासून १० किलोमीटर दूरही पडू शकते, हे पुढे मी वाचले. बाबांनी ते कुठे ऐकले होते कोण जाणे, पण ३० सेकंदांच्या आतला गडगडाट त्यांनी कधीही सहज घेतला नाही. गेल्या जूनमध्ये मी तीच पद्धत पाळली. काटा आखूड असल्यामुळे निळ्या पट्टीपर्यंत पोहोचत नव्हता, मी अंदाजाने वाचले. काट्याचा प्रश्न मला का टोचतो ते यावरून लक्षात येईल.

भिंग आणि चिमटा (वाशीम)

मी घड्याळदुरुस्तीचे काम करतो, वडिलांपासूनचे. माझ्या अनुभवातले काही सविस्तर लिहितो, कारण इथे दोन्ही बाजूंनी बरोबर बोलणे झाले आहे आणि तरी मधली गोष्ट राहून गेली आहे.

घड्याळ वापरल्याने झिजत नाही, कोरडे वापरल्याने झिजते. चाकांच्या टोकांच्या सुया मानवी केसापेक्षा फार जाड नसतात आणि त्या माणकाच्या छिद्रांत फिरतात. तेल सुकले की त्याचा चिकट चिखल होतो, त्यात बारीक धूळ मिसळली की तोच कानसीसारखे काम करतो. म्हणून ज्या घड्याळाचे शेवटचे ओव्हरहॉलिंग कधी झाले हे ठाऊक नाही, त्याला मोहापायी रोज चावी देऊ नये. स्वच्छता आणि तेल झाल्यावर मात्र रोज वापरायला माझी अजिबात हरकत नाही. दर पाच-सहा वर्षांनी उघडून पाहावे, आणि जिथे जिनिंगचा कापसाचा तंतू हवेत उडत असतो तिथे त्याआधी. मागचे झाकण नीट बसत नसेल तर तो तंतू आत जाऊन नेमका बॅलन्सच्या, म्हणजे झुलणाऱ्या चाकाच्या, केसासारख्या बारीक स्प्रिंगेत अडकतो. मी तो अनेकदा चिमट्याने काढला आहे.

क्रोनोग्राफ साध्या घड्याळासारखा भरपूर तेल देऊन चालत नाही. त्याच्या मधल्या चाकाच्या बारीक दातांना तेल लावायचेच नसते, कारण ती चाके एरवी अलग असतात आणि बटण दाबल्यावर बाजूने येऊन एकमेकांना भिडतात. दात दातावर आला तर काटा सुरुवातीला किंचित उडी मारतो. हा दोष नसून त्या रचनेचा स्वभाव आहे. क्रोनोग्राफ चालू असताना यंत्रावर भार वाढतो आणि बॅलन्सचा झोका कमी होतो, म्हणून मधला काटा सुंदर दिसतो या कारणाने दिवसभर चालू ठेवू नये. काम असेल तेव्हा चालू करावा.

शून्यावर येण्याची रचना मला आजही फार आवडते. काट्याच्या दांड्यावर हृदयाच्या आकाराची एक चकती असते आणि बटण दाबले की एक हातोडी तिच्यावर आपटते. काटा कुठेही असला तरी चकती फिरून हातोडीचा सपाट भाग हृदयाच्या खाचेतच येऊन बसतो. अडॉल्फ निकोल यांनी १८४४ मध्ये या चकतीचे पेटंट घेतले. त्याआधी, १८२१ मध्ये, निकोला रियुसेक यांनी पॅरिसमध्ये घोड्यांच्या शर्यतीत वापरलेल्या यंत्रात तर फिरत्या तबकडीवर शाईचा थेंब टाकून वेळ नोंदवत असत, आणि ‘काळ लिहिणारा’ या अर्थाचे क्रोनोग्राफ हे नाव तिथूनच आले. धागाकर्त्यांचे बाबा वेळ वाचताच वहीत लिहीत, हे वाचताना मला त्या शाईची आठवण झाली.

याच हातोडीमुळे आपला बदललेला काटा बाराच्या पुढे थांबतो. प्रत्येक वेळी हातोडी आपटते तेव्हा काट्याला झटका बसतो. काट्याची नळी दांड्यावर घट्ट नसेल तर काटा दर झटक्याला थोडा सरकतो. म्हणजे तो काटा केवळ आखूड नाही, त्याची नळीही या यंत्राची नाही. तो चिकटवून घट्ट करू नका. तसे केलेले एक घड्याळ माझ्याकडे आले होते आणि चिकट पदार्थ दांड्यावरून खाली उतरून मधले चाक जाम झाले होते.

दोन गोष्टी सावधगिरीच्या. आपल्या डायलवरचे आकडे अंधारात चमकणारे, पिवळट तपकिरी रंगाचे असतील तर त्यात रेडियम असू शकते. त्याची चमक केव्हाच संपलेली असते, पण रेडियमचे अर्धे आयुष्य सुमारे १,६०० वर्षांचे आहे. काचेच्या आत आहे तोवर ठेवावे, खरवडू नये, भुकटी श्वासात जाऊ देऊ नये. दुसरे, आजच्या मोबाइलच्या पाकिटांत लोहचुंबक असतो. घड्याळ अचानक दिवसाला पाच-दहा मिनिटे पुढे धावू लागले तर ते चुंबकलेले आहे असे आधी समजावे. ते उतरवणे दोन मिनिटांचे काम आहे, त्यासाठी यंत्र उघडण्याचीही गरज नसते.

डायल पुन्हा रंगवू नये आणि केस पॉलिश करू नये, हे मी माझ्याच व्यवसायबंधूंना हात जोडून सांगतो.

आणि काळी कसदार भाऊ, माझ्या वडिलांच्या लाकडी खणांच्या पेटीत लँडेरॉनची दोन मोडकी यंत्रे आहेत. त्यांतल्या एकाचा मधला काटा शाबूत आहे. टोकाला लाल रंग आहे, मात्र तो थोडा फिका झाला आहे. आपण वाशीमला घड्याळ घेऊन येऊ शकलात तर नळी आणि लांबी दोन्ही समक्ष पाहता येतील. टपालाने पाठवू नये.

पळसाची पाने (अचलपूर)

मी आजवर एचएमटीची घड्याळेच गोळा केली आहेत, क्रोनोग्राफ एकही नाही. हा धागा वाचल्यापासून एक घ्यावासा वाटतो. इंटरनेटवर जुन्या क्रोनोग्राफांचे डायल अगदी नव्यासारखे दिसतात आणि किंमतही आवाक्यात असते. ती घ्यावीत काय?

भिंग आणि चिमटा

नव्यासारखे दिसते हेच ती न घेण्याचे कारण आहे. त्यांना संग्राहकांत ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. जुने यंत्र, पॉलिश केलेली केस आणि नव्याने छापलेला, बहुधा भडक रंगाचा डायल. लहान तबकड्यांची वर्तुळे काट्याच्या मध्याशी जुळतात का ते पाहावे आणि बारीक खुणा सेकंदाला किती आहेत ते मोजावे. १८,००० ठोक्यांच्या यंत्रावर सेकंदाचे चार भाग छापलेले असतील तर छापणाऱ्याला यंत्र ठाऊक नव्हते. विक्रेत्याकडून क्रोनोग्राफ चालू करून, थांबवून, शून्यावर आणल्याचे चलचित्र मागावे आणि झाकण उघडून यंत्राचे छायाचित्रही.

ज्यांना वापरायचेच आहे आणि जोखीम नको, त्यांच्यासाठी चीनमधल्या तिआनजिनचे एसटी १९ हे यंत्र असलेले नवे घड्याळ चांगले. ते स्विस व्हीनस १७५ या यंत्राच्या यंत्रसामग्रीवरून निघाले आहे. त्यात क्रोनोग्राफ चालू-बंद करायला लँडेरॉनसारख्या खाचांच्या चकतीऐवजी खांबांचे चाक आहे, त्यामुळे बटण मऊ दाबले जाते.

गोठा आणि नाडी

पळसाची पाने यांना एक सुचवते. विकत घेण्याआधी घरातली आणि नात्यातली कपाटे पाहावीत. आपल्या भागात जिनिंगमध्ये, रेल्वेत, दवाखान्यांत आणि सैन्यात नोकरी केलेली माणसे घरोघरी होती, आणि बंद पडलेले दोन बटणांचे घड्याळ कित्येक घरांत औषधांच्या डब्यात पडलेले असते. त्याच्यासोबत ते कोणी, कशासाठी वापरले हेही मिळते. ते मात्र त्या घरातले वडीलधारे आहेत तोवरच विचारून लिहून घ्यावे.

वैनगंगेकाठी

ताईंचे म्हणणे वाचून मी काकांचे ते गंजलेले घड्याळ पुन्हा बाहेर काढले. झाकणाच्या आतल्या बाजूला दुरुस्ती करणाऱ्याने सुईने कोरलेल्या तीन तारखा सापडल्या. १९६३, १९७० आणि १९७८. म्हणजे काका ते नियमाने उघडून घेत होते आणि मी एकदाही घेतले नाही. भिंग आणि चिमटा यांना मी व्यक्तिगत निरोप पाठवतो आहे.

काळी कसदार

काल वाशीमहून परत आलो, म्हणून लगेच लिहितो. भाऊंनी माझ्यासमोर घड्याळ उघडले. भिंगातून मला हृदयाची ती चकती दाखवली आणि डायल न काढता जुना काटा उचलून आपल्याकडचा बसवला. नळी नीट बसली. काट्याचे टोक निळ्या पट्टीच्या रेघेला अगदी स्पर्श करते आहे. त्यांनी पंचवीस-तीस वेळा चालू करून, थांबवून, शून्यावर आणून पाहिले आणि प्रत्येक वेळी काटा बाराच्या रेघेवरच आला. लाल रंग बाबांच्या काट्याइतका गडद नाही. नवा रंग देऊ का असे त्यांनी विचारले, मी नको म्हटले. तेलही नव्याने झाले आणि झाकणाच्या आत त्यांनी महिना व वर्ष कोरले. त्याच्या वर आणखी दोन तारखा आहेत, त्यांपैकी एक माझ्या जन्माच्या वर्षाची आहे.

परतताना कारंजा ओलांडल्यावर एसटीतून दोन किलोमीटरदगडांमधला वेळ घेतला. ७२ सेकंद, शंखाच्या दुसऱ्या फेऱ्यात, ताशी ५०.

आमच्या शेजारच्या गावी पुढच्या आठवड्यात पट आहे. निकाल विजेच्या डोळ्याचे यंत्रच देणार आणि तेच योग्य आहे, कारण शंभराव्या भागाचा निवाडा या काट्याने होऊ शकत नाही. मी चुन्याच्या रेषेपाशी, पंचांच्या मागे उभा राहून प्रत्येक जोडीची वेळ घेणार आहे. बाबांच्या वहीत शेवटच्या नोंदीनंतर बरीच पाने कोरी आहेत. पुढच्या पानावर तारीख आणि गावाचे नाव आज लिहून ठेवले आहे.